कू ची आणि मेकाँग एका दिवसात: जावं का, आणि जायचंच असेल तर कसं

प्रश्न थोडक्यात असा: हो ची मिन्ह सिटीत (जुनं सायगॉन) हाताशी दोनच दिवस आहेत. सोबत सत्तरीकडे झुकलेले आईवडील आणि दहा वर्षांचा मुलगा. व्हिएतनाम युद्धातले कू चीचे बोगदे आणि मेकाँग नदीतली बोटसफर एकाच दिवसात उरकणारी गाइडसहित सहल घ्यावी का?

घेता येते. रोज शेकडो लोक घेतात. पण पैसे भरण्याआधी नकाशा उघडा. कू ची शहराच्या वायव्येला आहे आणि मेकाँगकाठचं मी थो हे गाव नैऋत्येला, साधारण 70 किलोमीटरवर. म्हणजे एक टोक गाठायचं, तिथून दुसऱ्या टोकाला जायचं आणि मग घरी यायचं. सकाळी साडेसात-आठला हॉटेलवरून निघालात तर कू चीला पोचायला पावणेदहा-दहा वाजतात. तिथे दीड ते दोन तास. मग परस्पर मी थोला जायला दोन-अडीच तास. नदीवर अडीच-तीन तास मिळतात आणि परतीला पुन्हा दोन तास. जवळपास बारा तासांच्या दिवसात निम्मा वेळ गाडीत. तरुण जोडप्याला हे झेपतं. तुमच्यासोबतच्या माणसांसाठी दोन दिवस असताना मी दोन वेगवेगळे अर्धे-पाऊण दिवस करायला सांगेन: पहिल्या दिवशी सकाळी फक्त कू ची आणि दुपारी शहरातलं युद्धावशेष संग्रहालय, दुसऱ्या दिवशी निवांत मी थो आणि नदीपलीकडचं बेन त्रे. एकच दिवस हातात असेल, तरच जोडसहल.

जोडसहल घेताना पहिला निकष गाडीचा. मोठ्या 40-45 सीटच्या बसने माणशी साधारण 25 ते 40 डॉलर पडतात. ती बस हॉटेलं फिरत माणसं गोळा करते आणि त्यातच पाऊण तास जातो. इथे ‘लिमोझिन व्हॅन’ म्हणतात ती नऊ ते बारा सीटची, ऐसपैस खुर्च्यांची गाडी असते. तिचे पैसे जवळपास दीडपट-दुप्पट पडतात, पण सहा तास बसायचं असेल तर ते वसूल होतात. चार-पाच जण असाल तर स्वतंत्र गाडी आणि गाइड घ्या. हिशेब व्हॅनच्या फार वर जात नाही आणि आईवडिलांना हवं तिथे थांबता येतं. पिकअप बहुतेक वेळा फक्त डिस्ट्रिक्ट 1, म्हणजे शहराच्या मध्यवर्ती भागातून असतो. जुलै 2025 च्या प्रशासकीय फेररचनेनंतर कागदोपत्री डिस्ट्रिक्ट उरलेले नाहीत, मी थो आता डोंग थाप प्रांतात गेलंय आणि बेन त्रे विन्ह लाँगमध्ये. बोलताना मात्र सगळे जुनीच नावं घेतात, त्यामुळे पत्त्यात दोन्ही दिसली तर गोंधळू नका.

कू चीच्या वाटेवर गाडी हमखास एका हस्तकला केंद्रात थांबते. लाखकाम, अंड्याच्या कवचाची नक्षी, युद्धातल्या रसायनांमुळे अपंगत्व आलेले कारागीर. काम पाहण्यासारखं असतं, किमती मात्र शहरापेक्षा चढ्या. वीस मिनिटं, स्वच्छतागृह, आणि पुढे. स्वतंत्र गाडी असेल तर हा थांबा गाळायला सांगता येतो.

कू चीला पर्यटकांसाठी दोन जागा आहेत, हे बहुतेकांना माहीत नसतं. बेन दिन्ह शहरापासून साधारण 50 किलोमीटरवर आहे आणि बेन डुओक आणखी पुढे. जोडसहल असली की बेन दिन्हच, कारण ते जवळ पडतं. तिथे गर्दी असते, बोगद्याच्या तोंडाशी रांग लागते. बेन डुओक मोठं आणि शांत आहे. तिथल्या स्मारक मंदिरात 44 हजारांहून अधिक मृतांची नावं भिंतींवर कोरलेली आहेत. फक्त कू ची करणार असाल आणि इतिहासाची खरी ओढ असेल तर बेन डुओकच मागा.

आता बोगद्यांविषयी, कारण गाइड घाईत असला की हा भाग ‘हा सापळा, ही चूल, चला पुढे’ असा उरकतो. बोगदे मुळात अमेरिकनांशी लढायला खोदले नव्हते. कम्युनिस्ट गनिमांनी खोदाई सुरू केली 1940 च्या दशकाच्या शेवटी, फ्रेंच राजवटीविरुद्ध, आणि 1960 च्या दशकात ते वाढत वाढत सुमारे 250 किलोमीटरचं जाळं झालं. हे इथेच का जमलं, याचं उत्तर पायाखालच्या मातीत आहे. कू चीची जमीन मेकाँगच्या खोऱ्यापेक्षा थोडी उंच, माती लोह असलेली चिकण. ओली असताना छोट्या कुदळीने कापली जाते आणि वाळली की विटेसारखी कडक होते, आधाराला लाकूड लागत नाही. मी थोला असा बोगदा खोदायला गेलात तर हातभर खाली पाणी लागेल. उपसलेली माती लपवणं हे खोदण्याइतकंच अवघड काम होतं. ती बॉम्बच्या खड्ड्यांत, शेतात आणि सायगॉन नदीत टाकली जायची.

बोगद्यांना तीन थर आहेत. वरचा साधारण तीन मीटरवर, मधला सहाच्या आसपास, खालचा आठ ते दहा मीटरवर. विषारी वायू सोडला तर तो सगळीकडे पसरू नये म्हणून अधूनमधून बोगदा खाली वळवून पाणी भरून ठेवत. आपल्या बेसिनखालच्या वाकड्या पाइपात पाणी साचून वास अडतो, तीच युक्ती. हवेची छिद्रं वारुळांत लपवलेली असत. हुंगणाऱ्या कुत्र्यांना चकवायला तिथे मिरपूड टाकत, नाहीतर अमेरिकी साबण ठेवत, म्हणजे कुत्र्याला ओळखीचाच वास यावा. ‘होआंग काम’ चुलीचा धूर एकापाठोपाठ एक खोल्यांतून फिरवून थंड करत आणि चुलीपासून लांब, जमिनीलगत, विरळ करून सोडत. स्वयंपाक पहाटे, धुक्यात. हे दाखवताना गाइडला चुलीपासून धुराचं तोंड कुठे आहे ते विचारा आणि तिथवर चालत जा. मधलं अंतर पायाने मोजलं की ती अक्कल कळते.

1966 च्या जानेवारीत ‘क्रिम्प’ मोहिमेत हजारो अमेरिकी आणि ऑस्ट्रेलियन सैनिकांनी हा भाग पिंजून काढला. वर्षभराने, 1967 च्या जानेवारीत, नदीपलीकडच्या ‘आयर्न ट्रँगल’मध्ये (गनिमांच्या बालेकिल्ल्यात) ‘सीडर फॉल्स’ मोहीम झाली. अमेरिकेच्या 25 व्या पायदळ डिव्हिजनचा तळ कू चीतच होता, बोगद्यांच्या जाळ्याला लागून. पायवाटेच्या कडेला दिसणारे गोल खड्डे अमेरिकी बी-52 विमानांच्या बॉम्बचे आहेत. सभोवतालचं जंगल मात्र नंतर वाढलेलं आहे. युद्ध संपलं तेव्हा इथे सावली देईल असं झाड जवळजवळ उरलं नव्हतं.

सुरुवातीला दाखवतात तो कृष्णधवल माहितीपट युद्धकाळातला प्रचारपट आहे, तो तसाच पाहावा. तिथे याला ‘अमेरिकेविरुद्धचं युद्ध’ म्हणतात. गाइडचं कुटुंब युद्धात कोणत्या बाजूला होतं यावर त्याचं बोलणं बदलतं. दक्षिणेत दोन्ही बाजूंची घरं आहेत, त्यामुळे हा प्रश्न गाडीत, माइक बंद असताना आणि अदबीने विचारावा. आपल्या ग्रुपमधून आणखी एक प्रश्न हमखास येतो: व्हिएतनामने गनिमी कावा शिवाजी महाराजांकडून घेतला ना? व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या त्या मजकुराला कुठलाही भरवशाचा आधार पुढे आलेला नाही आणि गाइडचा चेहरा कोराच राहतो. भारताचा खरा दुवा हवा असेल तर तो फ्रेंचांशी चाललेलं युद्ध थांबवणाऱ्या 1954 च्या जिनिव्हा कराराचा आहे. शस्त्रसंधीवर देखरेख ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचं अध्यक्षपद भारताकडे होतं, सदस्य कॅनडा आणि पोलंड.

प्रत्यक्ष आत उतरण्याविषयी. पर्यटकांचा भाग रुंद केलेला आहे, तरी उंची साधारण सव्वा मीटर आणि काही ठिकाणी कमी. ओणवं, बदकचालीने जावं लागतं. एकूण पट्टा 100 मीटरच्या आसपास आणि साधारण दर 20 मीटरवर बाहेर पडायची वाट. बहुतेक लोक पहिल्या किंवा दुसऱ्या वाटेने बाहेर येतात, त्यात कमीपणा नाही. आत उकाडा, दिवे मंद, कधी डोक्यावरून वटवाघूळ. अडचण होते ती मधल्या माणसाची: पुढचा फोटोसाठी थांबला आणि मागे आठ जण असले की ना पुढे जाता येत ना मागे, आणि तिथेच छातीत धडधड सुरू होते. शंका असेल तर रांगेत शेवटी उभे राहा, म्हणजे चार पावलांत उलटं बाहेर पडता येतं. गुडघेदुखी, हृदयविकार, दमा, अनियंत्रित रक्तदाब असेल तर उतरूच नका. आईवडिलांना वरचा फेरा पुरेसा आहे. सावलीतली पायवाट आहे, पण मुळं वर आलेली असतात, म्हणून चप्पल नको, बूट हवेत. मुलाला बोगद्यात सर्वांत मजा येईल, त्याची उंचीच योग्य आहे.

पानांखाली लपलेलं झाकण उघडून खड्ड्यात उतरायचा फोटो सगळ्यांना हवा असतो. ते तोंड जेमतेम 40 बाय 30 सेंटीमीटर. उतरताना झाकण दोन्ही हातांनी डोक्यावर सरळ धरायचं, पाय आधी. हात खाली राहिले तर खांदे अडकतात. कंबर आधी डोळ्यांनी मोजा. अडकलेल्याला वर ओढताना बरगडीला खरचटतं आणि बाकीचे मोबाइल काढून उभे असतात.

फेऱ्याच्या शेवटी गोळीबाराची रेंज येते. एके-47, एम-16 वगैरे, किमान दहा गोळ्या घ्याव्या लागतात, पैसे वेगळे. आवाज सगळ्या पायवाटेवर ऐकू येतो आणि जवळ गेल्यावर अंगात घुमतो. लहान मुलाला तिथे नेऊ नका. गाइडला आधीच सांगून ठेवलंत तर त्या दहा-पंधरा मिनिटांत तो तुम्हाला उकडलेला कसावा आणि शेंगदाण्या-तिळाचं कूट देणाऱ्या बाकांवर बसवेल. कसावा म्हणजे ज्याचा आपण साबुदाणा खातो तोच कंद. उपासाच्या माणसांना तो लगेच ओळखू येतो.

सोबत आणायला म्हणून काडतुसांच्या पुंगळ्यांचे लायटर, पेन, किचेन विकतात. घेऊ नका. विमानतळावरच्या तपासणीत रिकामी पुंगळीही अडकते, आणि आपल्याकडे काडतूस सापडलं की प्रकरण शस्त्र कायद्यापर्यंत जाऊ शकतं.

कू चीहून दक्षिणेला निघालात की दोन तास मोकळे. या वेळात गाइडला झोपू देऊ नका. मी थोचा उरलेला दिवस बहुतेक सहलींत ‘मध चाखा, गाणं ऐका, नारळाच्या गोळ्या विकत घ्या’ असा जातो आणि युद्ध जणू सकाळी कू चीतच संपलं असं वाटतं. खरं तर तुम्ही ज्या पाण्यावर जाताय तेही रणांगणच होतं. मी थोच्या पश्चिमेला डोंग ताम इथे नदीची वाळू उपसून, भराव घालून अमेरिकेने नववी डिव्हिजन आणि नदीवरच्या नौदलासाठी तळ उभारला. त्याच जागी आज सापांची मोठी पैदास आणि विषावर उतारा बनवणारं केंद्र आहे. अमेरिकी सल्लागार आणि हेलिकॉप्टरं मदतीला असूनही सायगॉनच्या (दक्षिण व्हिएतनाम सरकारच्या) फौजेने जानेवारी 1963 मध्ये गनिमांकडून मार खाल्ला ते अप बाक गाव याच भागातलं. पलीकडच्या बेन त्रेमध्ये जानेवारी 1960 मध्ये त्याच सरकारविरुद्ध डोंग खोई उठाव झाला.

मी थोसमोर तिएन नदीत (मेकाँगचा उत्तरेकडचा फाटा) चार बेटं आहेत: लाँग, लान, क्वी आणि फुंग. म्हणजे ड्रॅगन, किरिन (पुराणकथेतला शिंगवाला प्राणी), कासव आणि फिनिक्स. सहली बहुतेक लान बेटावर, म्हणजे थोई सनवर नेतात. फुंग बेटावर युद्धकाळात एक ‘नारळवाला साधू’ राहायचा. नाव न्युएन थान्ह नाम, फ्रान्समध्ये शिकलेला. नारळावर जगायचा आणि युद्ध थांबवा म्हणून सांगायचा. सायगॉन सरकारने त्याला तुरुंगात टाकलं, आणि 1975 मध्ये युद्ध संपल्यावर आलेल्या कम्युनिस्ट सरकारलाही तो परवडला नाही. त्याच्या आश्रमाचे ड्रॅगनवाले खांब अजून उभे आहेत. वेळ असेल आणि स्वतंत्र बोट असेल तर तिथे वीस मिनिटं जरूर मागा.

बोटींचा क्रम असा असतो: धक्क्यावरून मोठी मोटरबोट, बेटावर चालणं, मग अरुंद कालव्यात वल्ह्यांची होडी, पुन्हा मोटरबोट. म्हणजे चार-पाच वेळा चढउतार, ओल्या फळीवरून. गुडघ्यांची खरी परीक्षा इथे आहे, कू चीत नाही. होडीत चौघे बसतात. चढताना पाय बरोबर मध्ये टाकायचा, एकाने बसल्यावरच दुसऱ्याने, वजनदार माणूस मधल्या फळीवर. लाइफ जॅकेट नुसतं अडकवू नका, पट्टा लावा. आणि बोटं काठाबाहेर काढू नका. कालवा इतका अरुंद असतो की समोरून येणारी होडी घासून जाते. फोटोसाठी काठ पकडून वळलेल्या माणसाचीच बोटं चिरडतात. दोन्ही बाजूंना पाणनारळाची झापं वर कमान करतात. ती नारळासारखी दिसली तरी खोड चिखलातच असतं आणि घरं शाकारायला तीच वापरतात.

या कालव्यांना समुद्राची भरती-ओहोटी लागते. ओहोटीला पाणी इतकं उतरतं की होड्या गाळाला टेकतात, मग फेरा आखडता घेतात किंवा नुसत्या मोटरबोटीवर भागवतात. चूक कुणाची नसते, पण कू चीला उशीर झालेल्या सहलीला हा फटका जास्त बसतो. बुकिंग करताना त्या दिवशीची पाण्याची वेळ विचारा. ज्याला ती सांगता येते तो नदी ओळखणारा समजा.

नारळाच्या गोळ्यांचा कारखाना वगळू नका, तो नुसतं दुकान नाही. खोवलेला नारळ दाबून दूध काढतात, त्यात साखर आणि चिकट तांदळापासून केलेलं माल्टचं सिरप घालून घोटत राहतात. गोळा घट्ट झाला की तेल लावलेल्या साच्यात ओतून पट्ट्या कापतात. आतला पातळ कागद तांदळाचा असतो, तो सोलू नका, खायचा असतो. ड्युरियन या उग्र वासाच्या फळाच्या स्वादाची गोळी बॅगेत इतर कपड्यांसोबत ठेवू नका. साप घातलेल्या दारूची बाटली कुणी कितीही कौतुकाने पुढे केली तरी आणू नका, वन्यजीव कायद्यात अडकाल. गळ्यात अजगर घालायचा फोटोही टाळलेला बरा. मधाचा चहा घेत ‘डोन का ताई तू’ हे दक्षिणेचं लोकसंगीत (2013 पासून युनेस्कोच्या यादीत) मात्र निवांत ऐका. गाणाऱ्यांच्या टोपलीत 20-50 हजार डोंग (तिथलं चलन) टाकण्याची पद्धत आहे, होडी वल्हवणाऱ्या बाईलाही 20 हजार द्यावेत.

जेवणात अख्खा ‘हत्तीकान’ मासा उभा तळून येतो, तो राइस पेपरमध्ये गुंडाळून खायचा. शाकाहारी असाल तर ‘आन चाय’ हे शब्द बुकिंगच्या वेळीच लिहून द्या आणि ‘खोंग न्योक माम’, म्हणजे माशाचा सॉस नको, हेही. नाहीतर पानात भाजी येते आणि वरून सॉस येतो. जैन जेवणाची खात्री मी देणार नाही. थेपले, खाकरा, चिवडा सोबत ठेवा.

जाहिरातीत ‘फ्लोटिंग मार्केट’ लिहिलं असेल तर खोदून विचारा. खरा तरंगता बाजार काई रांगचा, कान थोला, साधारण 170 किलोमीटरवर, आणि तो पहाटे पाच ते आठ. तोही पूर्वीपेक्षा ओसरलाय. मी थोला दुपारी तीन वाजता तरंगता बाजार नसतो.

ऋतूचा विचार करा. डिसेंबर ते एप्रिल कोरडा. मे ते नोव्हेंबर पाऊस, तोही बहुधा दुपारनंतर, म्हणून कू ची सकाळी आणि नदी दुपारी हा क्रम असला तरी होडीत रेनकोट हवाच. दिवाळीच्या सुट्टीत आलात तर ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या मोठ्या भरतीने सायगॉनचे काही रस्ते संध्याकाळी पाण्याखाली जातात आणि परतीचे दोन तास तीन होतात. त्या रात्रीचं मुंबईचं विमान पकडायचं ठरवू नका. तेत, म्हणजे त्यांचं नववर्ष (जानेवारीअखेर ते फेब्रुवारी), आणि 30 एप्रिल-1 मेची सुट्टी टाळा.

जोडसहलीला दोन चांगले पर्याय आहेत. एक, सायगॉन नदीवरून स्पीडबोटीने कू ची. जायला सव्वा ते दीड तास. महाग पडते, पण नदी आणि बोगदे दोन्ही एका अर्ध्या दिवसात होतात, आणि बोगद्यांना नदी का लागत होती ते काठावरून दिसतं. जलपर्णीचे गालिचे पंख्यात अडकले की बोट थांबवून साफ करतात, त्याला घाबरू नका. दुसरा माझ्या मते सर्वांत योग्य आणि सर्वांत दुर्लक्षित: शहराच्या आग्नेयेला कान ज्यो. बिन्ह खान्हच्या फेरीबोटीने नदी ओलांडली की खारफुटीचं जंगल सुरू होतं. इथेच रुंग साकचे (हे याच जंगलाचं नाव) गनिम राहायचे, खारं पाणी उकळून त्याची वाफ गोळा करून पिण्याचं पाणी करायचे आणि डिसेंबर 1973 मध्ये त्यांनी सायगॉनजवळच्या न्हा बेचा तेलसाठा पेटवला. युद्धात फवारलेल्या रसायनांनी मारलेली ती खारफुटी 1978 पासून हातांनी पुन्हा लावली गेली आणि 2000 मध्ये युनेस्कोने तिला जैवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला. युद्ध आणि नदी एकाच जागी, तेही दोनदा शहर न ओलांडता. एकच त्रास: तिथली माकडं चष्मा आणि पिशवी ओढतात. आईचा चष्मा दोरीने बांधा, मुलाच्या हातात खाऊ देऊ नका.

पैसे भरण्याआधी एजंटला लेखी विचारा: बेन दिन्ह की बेन डुओक, प्रवेशाचं तिकीट धरलंय का, वल्ह्यांची होडी नक्की आहे का, ग्रुप किती जणांचा, दुकानांचे थांबे किती. रोख डोंग लागतातच. एका रुपयाला साधारण 300 डोंग धरा. अंधारात 20 हजार आणि 5 लाखांची नोट, दोन्ही निळसर, सारख्याच दिसतात. होडीवालीला टीप देताना शून्यं मोजून द्या.